बिगुल फुंकल्याने क्षयरोग होत नाही

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेत पहिल्यांदाच बँड पथक उभे राहिले आणि माझ्या पुतण्याच्या मुलीची, सहाव्या वर्गातल्या पोरीची, बिगुलासाठी निवड झाली. बिगुलाचे माउथपीस, म्हणजे तोंडाला लावायचा सुटा भाग, धुतलेल्या रुमालात बांधून ती घरी आणायची आणि दिवेलागणीला ओट्यावर बसून, ओठ घट्ट मिटून, त्यात नुसती फुरफुर करायची. पाचव्या दिवशी तिने ते सरांना परत केले. घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला होता आणि तिच्या आजीने, म्हणजे माझ्या वहिनींनी, बिगुलाला हात लावायचा नाही असे बजावले होते. मी विचारायला गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, पोट्टीच्या छातीत काई झालं तं कोन पाहीन?"

वहिनींवर माझा राग नाही. राग आहे तो 'पालकांनो सावधान' असा मथळा देऊन हा मजकूर लिहिणाऱ्यावर आणि न वाचता तो पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकावर. संदेशात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. फुंकवाद्याने मुलांची फुफ्फुसे सडतात व क्षयरोग होतो, हे इंग्लंडच्या डॉक्टरांनी सिद्ध केले आहे. मुलींचे गर्भाशय सरकते. ड्रमने कान जातात. अभ्यास बुडतो. आणि सात वर्षांच्या आत सूर-ताल शिकला नाही तर पुढे कधीच येत नाही.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. क्षयरोग जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी तो जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले आणि त्याच दिवसाच्या स्मरणार्थ जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो. फुफ्फुसाचा क्षयरोग झालेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा बोलतो तेव्हा हे जंतू हवेत जातात आणि जवळच्या माणसाच्या श्वासातून आत शिरतात. जंतूच नसेल तर मुलाने दिवसभर बिगुल फुंकला तरी क्षयरोग होणार नाही. आणि घरातच उपचार न घेतलेला रुग्ण असेल, तर बिगुलाला कधी हात न लावलेल्या मुलालाही तो होऊ शकतो. या अफवेचे खरे नुकसान पुढे आहे. उद्या एखाद्या मुलाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, संध्याकाळचा ताप येऊ लागला, वजन घटू लागले, तर घरचे लोक त्याचा बिगुल काढून घेतील आणि आपण इलाज केला असे समजून स्वस्थ बसतील. त्या मुलाला गरज असते ती सरकारी दवाखान्यात थुंकी तपासण्याची. ती तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात, आणि औषधे पूर्ण घेतली तर आजार बरा होतो. ज्या भागात आजही हा आजार लपवला जातो, मुलीचे लग्न मोडेल म्हणून औषधाची पाकिटे पेटीच्या तळाशी ठेवली जातात, तिथे त्याचे खापर वाद्यावर फोडणे हा गुन्हाच आहे.

आता 'इंग्लंडच्या डॉक्टरांनी सिद्ध केले' या वाक्याकडे येऊ. ते कुठून आले असावे, हे मला शोधल्यावर सापडले. २०१६ साली 'थोरॅक्स' या छातीच्या आजारांवरील ब्रिटिश नियतकालिकात एकाच रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली होती. एकसष्ट वर्षांचा हा गृहस्थ रोज बॅगपाइप, म्हणजे पिशवीत हवा फुंकून नळ्यांतून वाजवायचे वाद्य, वाजवत असे. त्याला अनेक वर्षे कोरडा खोकला व धाप होती आणि २००९ मध्ये त्याच्या फुफ्फुसांना ॲलर्जीतून येणारी सूज असल्याचे निदान झाले. तो तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेला, बॅगपाइप घरीच राहिला आणि तेवढ्या काळात त्याला झपाट्याने आराम पडला. डॉक्टरांनी वाद्याच्या आतून नमुने घेतले तेव्हा ओलसर पिशवीत आणि नळ्यांत अनेक प्रकारच्या बुरशा सापडल्या. पुढे तो दगावला, हे खरे आहे. पण हा आजार क्षयरोग नव्हता, तो एकाकडून दुसऱ्याला लागणारा नव्हता आणि तो फुंकण्याच्या श्रमाने झालेला नव्हता. आत ओल राहिलेल्या, नीट न पुसलेल्या वाद्यातली बुरशी वर्षानुवर्षे श्वासात जात राहिल्याचा तो परिणाम असावा, असे त्या डॉक्टरांचे म्हणणे होते. वाद्ये फेकून द्या असे त्यांनी सांगितले नाही; वाद्य वाजवून झाल्यावर स्वच्छ करा आणि वाळू द्या, असे सांगितले.

म्हणून या मुद्द्यातला एक अंश मला मान्य करावा लागतो, जरी संदेश लिहिणाऱ्याच्या मनात तो नसावा. आमच्या शाळेत दोन बिगूल आणि सहा मुले आहेत, आणि एकाचे माउथपीस दुसरा शर्टाला पुसून तोंडाला लावतो, हे मी स्वतः पाहिले आहे. सर्दी, फ्लू, ओठांवरचे फोड अशा लाळेतून पसरणाऱ्या गोष्टींना यातून वाट मिळते, आणि ही हयगय शाळेने थांबवलीच पाहिजे. माउथपीस बिगुलातून निघते. ते साबणाच्या कोमट पाण्यात लहान ब्रशने आतून-बाहेरून घासावे, धुऊन स्वच्छ कापडावर पूर्ण वाळू द्यावे. बिगूल उलटा धरून आत साचलेले पाणी झटकावे आणि तो लगेच पेटीत कोंडून ठेवू नये. शक्य असेल तर प्रत्येक मुलाला वेगळे माउथपीस द्यावे.

'फुफ्फुसे सडतात' अशी जी भीती घातली आहे, तिच्या मुळाशी बहुधा नवशिक्याला येणारी चक्कर असावी. पहिल्या दिवसांत मूल गाल फुगवून, सगळी ताकद लावून फुंकते. त्याचा श्वास नेहमीपेक्षा भराभर आणि खोल होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोके हलके होते. खाली बसून दोन मिनिटे साधा श्वास घेतला की ते थांबते. बिगूल ताकदीवर वाजतच नाही. त्याला खटके नसतात, मिटलेल्या ओठांच्या थरथरीने आवाज निघतो आणि ओठ कमीजास्त ताणून स्वर बदलतो. नेहमीच्या कॉलना, म्हणजे इशाऱ्याच्या ठरलेल्या धुनांना, चार-पाच स्वर पुरतात. म्हणून पहिला आठवडा नुसत्या माउथपीसवर, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे घालवायचा असतो. पुढचे दात पडून नवे येत असतील तर काही महिने प्लॅस्टिकच्या रेकॉर्डर बासरीवर सुरुवात करावी: डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ठेवली की पहिला स्वर, मधले बोट जोडले की दुसरा, अनामिका जोडली की तिसरा. ज्या मुलाला आधीपासून दमा किंवा छातीचा दुसरा आजार आहे, त्याच्या पालकांनी डॉक्टरांना विचारावे.

दुसरा मुद्दा वाचून मला सर्वांत जास्त चीड आली. गर्भाशय ओटीपोटातील स्नायूंनी आणि बंधांनी धरलेले असते. ते खाली येण्यामागे वारंवारची बाळंतपणे, वाढते वय, वर्षानुवर्षांचा खोकला व बद्धकोष्ठता, जड ओझी उचलणे अशी कारणे असतात. अकरा वर्षांच्या मुलीने दहा मिनिटे बिगूल फुंकणे हे त्यातले कोणतेही कारण नाही. उन्हाळ्यात याच मुली डोक्यावर एक आणि कमरेवर एक पाण्याचा गुंड घेऊन विहिरीवरून येतात, तेव्हा त्यांच्या पोटाची काळजी करणारा एकही संदेश कोणी पाठवलेला मला आठवत नाही. शिक्षण आणि संरक्षण मंत्रालये मिळून घेत असलेल्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत ब्रास बँड (पितळी फुंकवाद्यांचा) आणि पाइप बँड (बॅगपाइपचा) असे दोन प्रकार असतात, आणि दोन्हींत मुलांचा व मुलींचा गट वेगळा असतो. म्हणजे चार गटांपैकी दोन मुलींचे आहेत, आणि त्या गटांतल्या मुली फुंकवाद्ये वाजवतात.

ड्रमबद्दल काळजी करायला जागा आहे, हे मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. साइड ड्रमचा आवाज याच्या बराच वर जातो. टिनाच्या छपराखालच्या खोलीत आठ ड्रम एकदम वाजवणे चूकच आहे. सराव मैदानावर घ्यावा, आणि डाव्या-उजव्या हाताचे पहिले धडे रबराच्या पॅडवर किंवा जाड सतरंजीवर द्यावेत. कापसाचा बोळा कानात घालून भागेल असे कोणी समजू नये, त्याने आवाज फारसा अडत नाही.

अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की आमच्याकडे सराव आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर अर्धा तास असतो. सात वर्षांची अट तर कोणीतरी मनाने रचलेली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने भारलेल्या या मुलखात, दिवसभर शेतात राबून चाळिशीनंतर भजन मंडळात खंजिरी आणि मृदंग शिकलेली माणसे गावोगावी आहेत. पहिले काही दिवस बिगुलातून सूरच निघत नाही, नुसती हवा जाते. ते सर्वांचेच होते आणि त्यावरून कोणाला 'कान नाही' असे ठरवू नये.

हे सगळे मी परवा वहिनींना बसून वाचून दाखवले. क्षयरोगाचे त्यांना पटले, इंग्लंडच्या त्या गृहस्थाची गोष्ट त्यांनी दोनदा विचारून घेतली. शेवटी त्यांनी एकच अट घातली, पोरीचे माउथपीस दुसऱ्या कोणी तोंडाला लावायचे नाही. ती अट रास्त आहे. सहा मुलांसाठी आणखी चार माउथपीस लागतील. ती आणून देण्याचे मी सरांकडे कबूल केले आहे, आणि सोमवारपासून पोरगी पुन्हा सरावाला जाणार आहे.