पुढचं पुढच्या अपडेटला

चार चाकांखाली चार लिंबं ठेवून झाली, नारळ फुटला, बायकोनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पेढ्यांचा बॉक्स शोरूमभर फिरून रिकामा होऊन परत आला, आणि मग टाय लावलेल्या त्या पोरानं मला हळूच बाजूला घेतलं. अक्षता पडल्यावर मुलाकडचे मुलीच्या बापाला बाजूला घेतात, तसं.

"सर, एक छोटीशी गोष्ट. आपल्या लॉटला पुढचे पार्किंग सेन्सर नाहीत."

"नाहीत म्हणजे? मागाहून येणार?"

"नाही सर, कंपनीनंच काढलेत. त्यांचं काम आता कॅमेरा करणार. सॉफ्टवेअर येतंय. रात्री गाडी घरी उभी असताना आपोआप येतं. तुम्हाला काहीच करायला नको."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं निघालं. करण्यासारखं माझ्या हातात काही राहिलंच नव्हतं. पैसे भरले होते, लिंबं चिरडली होती.

"आणि हे येणार कधी?"

"पुढच्या अपडेटला, सर."

ही २०२५ च्या पाडव्याची गोष्ट. घरी आल्यावर गाडी नीट बघितली, तर पुढच्या बंपरवर सेन्सरच्या जागा होत्या. चार गोल खाचा आणि त्यांत चार प्लॅस्टिकची बुचं. पोरीचे कान टोचून झालेत, पण डूल करायला पैसे नाहीत म्हणून भोकात कडुनिंबाची काडी घालून ठेवावी, तसं ते रूप. बिल मात्र डुलांसकट झालं होतं.

मागचे सेन्सर आहेत. त्यात कंपनीचं औदार्य काही नाही. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक मोटारीला मागचे पार्किंग सेन्सर लावायचे, असा सरकारचा नियमच आहे. तेव्हा मागचं सरकारनं बघितलं आणि पुढचं अंबाबाईवर सोडलं.

सेन्सर म्हणजे तसा काही अवघड मामला नाही. बटणाएवढी चकती, पण काम वटवाघळाचं. आपल्या कानाची धाव सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत. ही चकती चाळीस हजारांच्या वरचा आवाज काढते. तो भिंतीवर आपटून परत येतो आणि यायला किती वेळ लागला त्यावरून गाडी अंतर काढते. भिंत एक मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन यायला सहा मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. माझा आवाज कंपनीच्या कस्टमर केअरवर आपटून परत यायला पंचेचाळीस मिनिटं लागतात, आणि अंतर तेवढंच राहतं.

कॅमेऱ्याचं तसं नाही. तो बसलाय वर, काचेमागं, आरशाजवळ. तिथून त्याला रस्ता दिसतो, सिग्नल दिसतो, आभाळ दिसतं. बंपरच्या अगदी पुढ्यातली पट्टी मात्र बॉनेटच्या आड जाते. मग सॉफ्टवेअरनं काय करायचं? तर येताना जे दिसलं होतं ते ध्यानात ठेवायचं आणि त्याच्या जोरावर आता किती अंतर उरलं ते सांगायचं. म्हणजे गाडी आठवणीवर उभी करायची! आमच्या घरात आठवणीवर काय काय चालतं ते मला ठाऊक आहे. परवाच आठवणीच्या भरवशावर भाजीत दोनदा मीठ पडलं.

आम्ही राहतो कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. बोळ असा, की समोरून दुधाची मोटारसायकल आली तर दोघांपैकी एकानं माघार घ्यावी लागते, आणि पेठेत माघार कुणी घेत नाही. माझ्या गाडीची जागा म्हणजे डावीकडं एमएसईबीचा खांब, उजवीकडं शेजाऱ्यांची बुलेट, आणि समोर दगडी कट्टा. कट्ट्यावर वस्ताद. वय पंच्याहत्तर, तरुणपणी खासबागेच्या मैदानात कुस्त्या केलेले, आता सकाळ-संध्याकाळ कट्ट्यावर बसून जगाचे पंच. गाडी आली की वस्ताद उठायचे, लुंगी सावरायचे आणि हात वर करून सुरू व्हायचे.

"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... उजवीकडनं पट काढा! हां. आता दाबा. दाबा म्हंतोय न्हवं! आता ढाक लावा, ढाक!"

पट काढणं म्हणजे स्टिअरिंग उजवीकडं, हे मी आठवड्याभरात शिकलो. ढाक म्हणजे एका दमात पूर्ण फिरवायचं. मग एकदा ते "घिस्सा, घिस्सा!" असं ओरडले. घिस्सा म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, कारण त्याआधीच 'कट्ट' असा आवाज आला. त्यानंतर वस्ताद म्हणाले, "बस्स!"

मी खाली उतरलो. खांब शाबूत होता.

"वस्ताद, बस्स आधी म्हणायचं असतंय!"

"अवो, टेकल्याबिगार कळायचं कसं, कुठवर जातीया ते?"

शांतपणे विचार केला तर तत्त्व तेच. आपटायचं आणि परत यायचं.

त्या दिवसापासून बायकोनं हे खातं स्वतःकडं घेतलं. "अहो, मी उतरतो आणि मी बघतो. तुम्ही फक्त माझं ऐका." (आमच्याकडं बायका 'मी जातो, मी बघतो' असंच म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी ही छपाईची चूक समजू नये.) तिचा दोष वस्तादांच्या नेमका उलटा. कट्टा अजून चार फुटांवर असतानाच ती "थांबा, थांबा, थांबा!" असं अशा आवाजात ओरडायची, की मी तर थांबायचोच, पण बोळाच्या तोंडाशी चाललेला भाजीचा गाडाही थांबायचा. मग गाडीचं ढुंगण बोळात चार फूट बाहेर आणि पलीकडच्या मोटारसायकलवाल्याची शिवी घरात आत. दोघांना एकदम उभं करून मधलं काहीतरी निघेल म्हणून तेही करून बघितलं. एका काचेतून "येऊ द्या", दुसऱ्या काचेतून "थांबा". मी इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो.

कस्टमर केअरवर एक मुलगी फार गोड बोलायची. "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो सर. आपलं म्हणणं वरिष्ठांपर्यंत पोचवलेलं आहे." दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज यायचा, की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, कृपया पाचपैकी तारे द्या. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळं हे तंत्र मला अपरिचित नव्हतं. फरक इतकाच, की तेव्हा मी काचेच्या आतल्या बाजूला होतो.

कॅलिफोर्नियात माझा भाचा असतो. व्हिडिओ कॉलवर त्याला खांबाची हकिकत सांगितली, तर तो हसत सुटला. "मामा, हे खूळ इथनंच सुरू झालंय." मग त्यानं सगळं पुराण सांगितलं. टेस्लानं ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं, की आता नव्या गाड्यांना अल्ट्रासोनिक, म्हणजे तेच वटवाघळाचं काम करणारे, सेन्सर लावायचे नाहीत. सुरुवात मॉडेल थ्री आणि मॉडेल वायपासून. एका गाडीला पुढं-मागं मिळून बारा असायचे, ते बाराही गेले. रडार आदल्याच वर्षी काढून झालं होतं. सगळं कॅमेऱ्यांवर भागवायचं, असं त्यांचं ठरलं. पण जुनं काढायची तारीख पक्की होती, नवं यायची नव्हती. भिंत जवळ आल्याची सूचना बंद, गाडीनं आपली आपण पार्क होणं बंद, फोनवरून गाडीला बोलावून घेणं बंद, आणि हे सगळं 'काही काळापुरतं'. स्वयंपाकघर पाडून टाकायचं आणि मग गवंडी शोधायला निघायचं, त्यातला प्रकार. अंतर सांगणारं सॉफ्टवेअर त्या लोकांना मिळालं ते २०२३ च्या मार्चच्या सुमाराला. तोवर लाखांनी पैसे मोजलेली माणसं गाडीतून उतरून, वाकून, बंपर आणि भिंत यांच्यामध्ये वितीनं मापं घेत असतील, असं चित्र मी मनात रंगवलं. मला फार बरं वाटलं.

माझी गाडी टेस्ला नव्हे. टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूमच मुळी १५ जुलै २०२५ ला मुंबईत उघडलं. रोगी यायच्या आधी साथ आमच्या बोळात पोचली होती. माझ्या गाडीच्या कंपनीचं नाव मी इथं घेत नाही. वॉरंटी अजून शिल्लक आहे.

वॉरंटीवरून आठवलं. जूनमध्ये वैतागून मी गाडी उद्यमनगरात एका मिस्त्रीकडं नेली. या भागात लोखंडाचा रस ओतून वाट्टेल ते करून देणारी माणसं आहेत, चार सेन्सर म्हणजे त्यांना किस झाड की पत्ती. मिस्त्रीनं बंपरवरून अंगठा फिरवला.

"होलं तर कंपनीनंच मारून ठिवल्यात की. दीड हजार द्या, चार वाजता गाडी न्या."

शोरूमला फोन लावला. बाहेरचे सेन्सर बसवले तर वॉरंटी जाईल, असं उत्तर आलं. मी ते मिस्त्रीला सांगितलं.

"जी वस्तू दिलीच न्हाई, तिची कसली आलीया वॉरंटी?"

अशा वाक्यानंतर खरं म्हणजे माणसानं दीड हजार काढून द्यावेत. पण छापील कागदाला भिण्यात हयात गेलेला मी. गाडी तशीच परत आणली आणि येताना उद्यमनगरातूनच एक वीट उचलून आणली. खडूनं माप घेऊन ती पुढच्या चाकासमोर ठेवली. चाक विटेला टेकलं की थांबायचं. महिनाभर गाडी पांडुरंगासारखी विटेवर उभी राहिली. पुढं गणपतीच्या मांडवाचा खांब टेकवायला पोरांना नेमकी तीच वीट सापडली.

मध्ये, भर जुलैत, एकदा अपडेट आलं होतं. सकाळी स्क्रीनवर निरोप बघून मी बायकोला हाक मारली, वस्तादांना बोलावलं, तिघं गाडीत बसलो. काय आलं होतं? इंडिकेटरचे तीन नवे आवाज, आणि गाडी उभी असताना स्क्रीनवर पाऊस पडत असल्याचं चित्र. बाहेर आठ दिवस आभाळ फाटलेलं. कोल्हापूरकर त्या दिवसांत एकमेकांना नमस्कार करायच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पाठ असतं. पंचगंगा कुठवर आली ते फूट-इंचांत मोबाइलवर येत होतं, आणि बाराशे किलोची माझी गाडी कट्ट्यापासून किती लांब आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. वस्तादांनी स्क्रीनवरचा पाऊस बराच वेळ बघितला. "चांगलाय," म्हणाले, "पण हितं छत्री कुठाय?"

आणि दिवाळीच्या तोंडावर ते आलं. खरोखर आलं. पहाटे कधीतरी. पहिल्यांदा बोळात करून बघितलं, तर स्क्रीनवर खांबाच्या जागी एक राखाडी रेघ, कट्ट्याच्या जागी लाल कमान आणि आकडे: साठ सेंटिमीटर, पंचेचाळीस, तीस, आणि मग लांबलचक 'टूंऽऽ'. मी टेप लावून मोजलं. चार-पाच सेंटिमीटर इकडंतिकडं, पण वस्तादांपेक्षा बरं. वस्ताद कट्ट्यावरून उठलेच नाहीत. "घ्या आता तिलाच इचारून," एवढंच म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता.

संध्याकाळी त्या आनंदात आम्ही दोघं गंगावेशीत दूध प्यायला गेलो. तिथल्या कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. गाडी लावताना स्क्रीनवर म्हशीच्या जागी ट्रक उमटला. बायको म्हणाली, "तिला राग येईल हं." मी दुर्लक्ष केलं. तीस सेंटिमीटर, टूंऽऽ, ब्रेक. कुणाला काही विचारावं लागलं नाही. उतरून रुबाबात दूध प्यालो, मिशी पुसली, परत येऊन गाडी सुरू केली. स्क्रीन स्वच्छ. पुढं मोकळा रस्ता. ब्रेकवरचा पाय उचलणार, तोच बॉनेटवर थाडथाड बादली वाजली.

"ओ पाव्हणं! रेडकू बसलंय की फुडं!"

वाकून बघितलं. आम्ही दूध पीत होतो तेवढ्यात एक रेडकू येऊन बंपरला अगदी चिकटून बसलं होतं, त्या चार बुचांपैकी एक चाटत. गवळी काचेशी आला.

"गाडीला फुडचं दिसत न्हाई व्हय?"

"दिसतंय की. पण आधी बघितलेलंच दिसतंय. हे मागाहून आलंय."

गवळ्यानं थोडा विचार केला. माणूस व्यवहारी होता. "मग असं करा, जरा मागं घ्या आन् तिला परत दाखवा."

पटलं. रिव्हर्स टाकला. ताबडतोब मागचे सेन्सर कोकलायला लागले. ते सरकारी नियमाचे, जुन्या पद्धतीचे, आपटून परत येणारे. आरशात बघितलं, तर मागं म्हैस येऊन उभी. पुढच्या रेडकाची आई.

बायकोनं काच खाली केली आणि आणखी दोन ग्लास सांगितले.