‘व्हिटॅमिनच आहे, नुकसान काय होणार?’

लातूर-नांदेडकडे व्हायरल न्यूमोनियाचा पेशंट ऑक्सिजनवर गेला की झिंक, व्हिटॅमिन सी आणि डीचं ६० हजार युनिटचं पाकीट चिठ्ठीवर आपसूक येतं. हरकत घेतली तर वरचं उत्तर ठरलेलं. इंग्लंडमधून हा वाद वाचताना या उत्तराचीच चीड येते, कारण नुकसान मोजून झालंय.

शिरेतून द्यायचं ‘सी’ बघा. किलोमागे ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, चार दिवस. ६० किलोच्या माणसाला रोज १२ ग्रॅम. कोविडच्या २,५९० रुग्णांवरचा निकाल २०२३ मध्ये आला: फायदा नाही, अपायाचीच शक्यता जास्त. शिवाय एवढ्या डोसवर काही ग्लुकोमीटर साखर खोटीच वाढलेली दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं की खरी साखर धाडकन खाली येते. अशा रुग्णाची शुगर लॅबमध्येच करावी.

‘डी’च्या बाजूने स्पेनमधल्या कोर्डोबाची चाचणी हटकून पुढे केली जाते: औषध घेतलेल्या ५० पैकी १ आयसीयूत, न घेतलेल्या २६ पैकी १३. पण प्लासिबो (औषधासारखाच दिसणारा बिनऔषधी डोस) नव्हता आणि औषध न मिळालेल्या गटात रक्तदाबवाल्यांचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. औषधही पाकिटातलं नव्हे. ‘डी’चं यकृतात होणारं रूपांतर आधीच झालेलं कॅल्सिफेडिऑल. ब्राझीलमध्ये २४० जणांत पाकिटातलंच ‘डी’, एकदम दोन लाख युनिट, प्लासिबोसमोर ठेवलं. रक्तातली पातळी वाढली. रुग्णालयातला मुक्काम मात्र दोन्ही गटांत सात दिवसच. अर्थात लक्षणांनंतर सरासरी दहाव्या दिवशी दिलेला डोस उशिराचाच.

म्हणून पूरकं सरसकट फेकून द्यावीत असं नाही. गोवरात वर्षावरच्या मुलाला सलग दोन दिवस दोन-दोन लाख युनिट व्हिटॅमिन ए देतात, कारण कमतरता असलेल्या मुलांत त्याने मृत्यू घटले.

इंग्लंडही धुतल्या तांदळासारखं नाही. इथेही सरकारने २०२०च्या हिवाळ्यात ‘डी’ फुकट वाटलं. मात्र कोविडवर उपचार म्हणून ते चाचणीबाहेर देऊ नका, असंही बजावलं. आणि डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा निकाल इथल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या मोठ्या चाचणीने मार्च ते जून २०२० एवढ्यात लावला.

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड ही सरकारी रुग्णालयं मिळून ‘डी’ची अशी चाचणी जमेल. मृत्युदर २० वरून १७ टक्क्यांवर येतो का, हे पाहायला प्रत्येक गटात साधारण २,६०० रुग्ण लागतात. एकट्या घाटीचं ते काम नाही. दाखल होताच ‘डी’ची पातळी तपासा, कमतरता असलेल्यांनाच घ्या, २४ तासांत पहिला डोस द्या आणि २८व्या दिवशी फोन करा. फसेल ते इथेच: दिवाळीनंतर बीडकडचं कुटुंब ऊसतोडीला गेलेलं असतं. रुग्णाला विचारून मुकादमाचाही नंबर लिहून घ्यावा.