कंटेनर अडकला आहे

नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला जे मार्गदर्शनपर टिपण मिळाले, त्याच्या तिसऱ्याच ओळीत लिहिले होते की सॉफ्टवेअर प्रकल्प आपल्या संगणकावर चालू करायची सगळी मांडामांड 'पंधरा मिनिटांत' होते. सोमवारी सकाळी साडेनऊला सुरू झालेली ती पंधरा मिनिटे बुधवारी दिवेलागणीला संपली. गुरुवारच्या बैठकीत पडद्यावर माझ्या नावापुढे 'सेटअप : तीन दिवस' असे ठळक अक्षरांत झळकत होते आणि ते कोणी पुसलेही नाही.

एकाच्या संगणकावर मुकाट चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या संगणकावर रुसतो, हे आमच्या धंद्यातले जुने दुखणे. 2013 साली आलेल्या डॉकर नावाच्या सॉफ्टवेअरने त्यावर तोडगा काढला : प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या बिऱ्हाडासकट एका कंटेनरमध्ये भरायचा आणि 'डॉकर कंपोज अप' एवढेच म्हणायचे. मी म्हटले. आधी कळले की डेटाबेसला हवे असलेले 5432 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे संगणकातले ये-जा करायचे दार, माझ्याच जुन्या पोस्टग्रेस डेटाबेसने अडवून ठेवले आहे. त्याला हुसकावले, तर ॲप 'लोकलहोस्ट'वर डेटाबेस शोधू लागले. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, आणि डेटाबेस तर शेजारच्या कंटेनरमध्ये. थोडक्यात, ते आपल्याच दाराची बेल वाजवून शेजारी दार का उघडत नाहीत म्हणून कुढत होते. तेही निस्तरले. मग मात्र कंटेनर उठायचा, 'एंट्रीपॉइंट' नावाची, सुरुवातीलाच चालवायची फाईल अस्तित्वातच नाही असे सांगायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. फाईल माझ्या डोळ्यांसमोर होती.

मंगळवारी दुपारी मी हे सगळे फोनवर एका सहकाऱ्याला सांगत असताना खालच्या मजल्यावरचे काका शब्दकोड्याची पुरवणी न्यायला आले. काकांची तीस वर्षे न्हावाशेवा बंदरात माल सोडवण्यात गेली आहेत. 'कंटेनर' हा शब्द कानांवर पडताच ते पुरवणी विसरून खुर्चीत बसले.

"कुठे अडकलाय? वीस फुटी की चाळीस फुटी?"

"काका, तसला नाही. हा लॅपटॉपमध्ये आहे."

"कागदपत्रं आता लॅपटॉपवरच असतात, ते माहितेय मला. भरलेला आहे ना?"

"भरलेला आहे, पण उघडला की आतली वस्तू नाहीच म्हणतो."

"सील शाबूत?"

मी जरा विचार करून हो म्हटले.

"सील शाबूत आणि माल गायब, म्हणजे भरतानाच घोळ झाला. भरला कोणी?"

"बंगळुरूच्या ऑफिसातल्या एका मुलानं."

"तो काय म्हणतो?"

"म्हणतो, माझ्याकडे चालतंय."

काकांनी मांडीवर थाप मारली. "सगळे हेच म्हणतात! आमच्याकडून निघाला तेव्हा बरोबर होता. तीस वर्षं ऐकलंय मी हे."

त्यानंतर मला 1956 सालात नेण्यात आले, जेव्हा मॅल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने न्यूअर्कहून ह्यूस्टनला जाणाऱ्या जहाजावर 58 पेट्या चढवल्या. "पेटी एका मापाची असली, की आत केळी आहेत की मोटारीचे सुटे भाग, हे क्रेनवाल्याला कळायची गरज नाही," असे काका म्हणाले. आमच्या टिपणाच्या अकरा पानांत डॉकरचे मर्म इतक्या नीट कोठेही सांगितलेले नव्हते. मी भारावून जाणार, एवढ्यात त्यांनी विचारले, "डेमरेज किती झालं? फुकटचे दिवस संपले, की मीटर पळायला लागतो." माझी फुकटची मुदत सोमवारी पावणेदहालाच संपली होती, हे मी त्यांना सांगितले नाही.

घोळ खरोखरच भरतानाचा निघाला, फक्त भरणारा मीच होतो. जुन्या टंकलेखन यंत्रावर ओळ संपली, की गाडा मागे ढकलायचा आणि कागद वर सरकवायचा, अशी दोन कामे असत. विंडोज अजूनही इमानाने दोन्ही करते आणि प्रत्येक ओळीअखेर 13 व 10 क्रमांकांची दोन अदृश्य चिन्हे ठेवते; लिनक्सला एकटे 10 पुरते. माझ्या विंडोज लॅपटॉपवर कोड उतरवताना गिटने (सगळ्यांचा कोड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) परस्पर ते 13 चिकटवले आणि त्या एंट्रीपॉइंट फाईलच्या पहिल्या ओळीतल्या 'बिन-एसएच'च्या, म्हणजे ती फाईल चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाच्या, शेपटीला ते लागल्यामुळे लिनक्स त्या शेपटीवाल्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसले. हरवला होता तो, आणि तक्रार मात्र माझ्या फाईलच्या नावाने.

टिपण लिहिणाऱ्या सगळ्यांकडे मॅक आहेत. मला विंडोज त्याच कंपनीने दिला आहे, मी हट्टाने मागितलेला नाही. ओळीअखेर काय ठेवायचे हे गिटला बजावणाऱ्या गिटॲट्रिब्यूट्स फाईलमधल्या एका ओळीने पुढच्या माणसाचे तीन दिवस वाचतील, म्हणून ती ओळ मी लिहून पाठवली. तिला बंगळुरूहून एक अंगठा मिळाला आहे, मंजुरी अजून नाही. टिपणात आजही पंधरा मिनिटेच आहेत.

शुक्रवारी सकाळी दूध आणायला उतरलो तेव्हा वॉचमनने विचारले, "साहेब, तुमचा कंटेनर कधी येणार? गेटवरची केबल उचलायला माणूस लागेल." संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सचिवांची सूचना आली, की आवारात जड वाहन आणण्यापूर्वी सभासदांनी समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि पार्किंगच्या फरशा फुटल्यास भरपाई संबंधित सभासदाकडून वसूल केली जाईल. त्याखाली पहिला अंगठा काकांचा होता.