सासूबाई जाग्या असताना प्रेमळ भूत कसं बघावं

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की ‘भुताचा, पण प्रेमाचा सिनेमा सांगा’ अशी मागणी माझ्याकडे सुरू होते. मागणारा नवरा असतो, भूत मात्र बायकोला हवं असतं. सिनेमा सांगायला काय जातंय! मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये, सासू-सासरे जागे असताना तो शेवटपर्यंत बघणं हे खरं दिव्य.

वेळेचं बघा. विरार लोकलला लटकत घरी पोचायचं, जेवायचं, ओटा आवरायचा, म्हणजे साडेनऊच्या आत काही लागत नाही. ‘महल’ (१९४९) आणि ‘मधुमती’ (१९५८) दोन्ही पावणेतीन तासांच्या घरातले. प्रेमिकांचं जे काय व्हायचं ते पंधरा तारखेला होणार. त्यात ‘महल’ लावला की कोणीतरी ‘बाजूचे काळे पट्टे घालव की रे’ म्हणतंच. घालवू नका. तेव्हाचं चित्र चारास तीन, तुमचा टीव्ही सोळास नऊ. ताणून बसवलं की मधुबाला एक तृतीयांशाने रुंद होते, आणि तरुणपणापासून तिच्यावर जीव टाकणाऱ्या सासऱ्यांना ते बघवत नाही.

‘घोस्ट’ (१९९०) दोन तासांत आटपतो, पण त्यातला प्रेमी जोडप्याचा तो कुंभाराच्या चाकावरच्या मातीचा प्रसंग अगदी लवकर येतो. सासूबाई पाणी प्यायला उठतात ती हीच वेळ. घाबरून पॉज दाबू नका. चित्र तिथेच थांबतं आणि त्यांना नीट बघता येतं.

माझं मत ‘पहेली’ला (२००५). दिग्दर्शक आपले अमोल पालेकर, मूळ कथा विजयदान देथांची. त्याच कथेवर मणी कौल यांनी १९७३ साली ‘दुविधा’ केला होता, पण त्यातली शांतता कुकरच्या शिट्टीपुढे टिकायची नाही. ‘पहेली’त नवरा लग्नाच्या पहिल्या रात्री हिशेबाच्या वह्या उघडून बसतो आणि मग पाच वर्षांसाठी धंद्याला निघून जातो. नवरीवर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरात शिरतं. सगळ्यांना फसवतं, तिला मात्र फसवत नाही. खोलीत आल्यावर ‘मी तुझा नवरा नाही’ हे सांगून टाकतं आणि पुढचं तिच्यावर सोडतं. इतकं सभ्य पात्र आपल्या सिनेमात जिवंतपणीही क्वचित भेटतं. या प्रसंगाला मोबाइल सायलेंटवर हवा.

टीव्हीचं मात्र आधी बघून ठेवा. दुकानातून येतो तसा तो ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या मोडवर असतो, त्यात राजस्थानी ओढण्या डोळ्यात घुसतात. ‘सिनेमा’ मोड लावा आणि मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर चित्र इतकं गुळगुळीत होतं की शाहरुख मालिकेतल्या जावयासारखा दिसायला लागतो. ट्यूबलाइट बंद, कारण दिव्यांच्या उजेडातल्या दृश्यांत पडद्यावर तीच दिसत राहते. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की पुढचं गाणं शेजाऱ्यांना उठवतं. सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तसलं काही असेल तर ते चालू करावं. सिनेमा सव्वादोन तासांहून थोडा जास्त आहे. साडेनऊला लावला तर बाराच्या आत जेमतेम संपतो, तेव्हा मध्ये चहा नाही. आणि लॅपटॉप आधीच कपाटात टाका. हिशेबाच्या वह्यांचं दृश्य चालू असताना मांडीवर एक्सेल उघडं असलेले नवरे माझ्या माहितीत बरेच आहेत, त्यांचं पुढे काय झालं ते विचारू नये.

शेवटाकडे खरा नवरा कोण हे ठरवायला अमिताभचा मेंढपाळ परीक्षा घेतो. हातात निखारे घे, मेंढ्या गोळा कर, असल्या. तेव्हा शेजारून हमखास प्रश्न येतो, ‘तू पास झाला असतास?’ मेंढ्यांचं जमलं असतं म्हणावं. संध्याकाळी दादरचा पूल रोज पार करणाऱ्याला कळपाचं काय! निखाऱ्यांचं विचारलं तर सिंकमधली भांडी घासायला उठावं.