केळी चारा, सकाळी पडून जाईल म्हणे!

मागच्या गुरुवारी भर दुपारी, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना सुदामानगरहून मावशीचा फोन आला. "अरे, छोटूने त्या लाइटवाल्या गाडीतला चपटा सेल गिळला वाटतं. पण घाबरू नकोस, दोन केळी चारलीयेत."

छोटू म्हणजे माझ्या मावसभावाचा मुलगा, पावणेतीन वर्षांचा. गाडी माझ्या दुकानातली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. इंदूरच्या राजवाड्यामागे माझं खेळण्यांचं दुकान आहे, त्यामुळे ही हकिगत ऐकणारा प्रत्येकजण पहिल्यांदा तेच विचारतो. शटर अर्धं ओढलं, स्कूटर काढली, छोटूला आणि त्याच्या आईला घेऊन इस्पितळ गाठलं. एक्सरे झाला, आत काही नव्हतं. सेल रात्री केर काढताना दिवाणाखाली सापडला. सगळं निभावलं म्हणून मावशीने हातावर रव्याचा लाडू ठेवला. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. सेल दिसेनासा झाल्यापासून मला फोन येईपर्यंत सव्वा तास गेला होता, आणि तो सव्वा तास व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका मेसेजच्या भरवशावर गेला होता.

"डॉक्टरांचा मेसेज आहे रे तो," मावशी म्हणाली. मी बघितला. 'ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ, पुणे.' नाव नाही, दवाखाना नाही. वर 'प्रत्येक आईने वाचावे', खाली जोडलेले सहा हात. मूळ हिंदी असावा, कारण मराठीत आणताना दोन ठिकाणी 'खिलौने' तसेच राहिलेत. पुण्याचे डॉक्टर खिलौने म्हणत असतील तर आमच्या इंदुरी मराठीला इतकी वर्षं उगाच नावं ठेवली म्हणायची.

मेसेजमध्ये सात मुद्दे आहेत. खोक्यावरचा वयाचा आकडा हुशारीचा असतो, मूल हुशार असेल तर खुशाल आधी द्या. लाकडाचं खेळणं डोळे मिटून घ्या. आयएसआय ही सरकारी वसुली आहे, 'सीई' छापलेलं बघा. बुडाशी त्रिकोणात ५ असेल तर प्लास्टिक अमृत, ३ किंवा ७ असेल तर विष. सेल, चुंबक, मणी, काहीही गिळलं तर केळी चारा, सकाळी पडून जाईल. वॉकरमध्ये बसवा, मूल लवकर चालेल. आणि खेळणी रोज जंतुनाशकात बुडवा. आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपांवर हा आला, आणि परवा एका गिऱ्हाइकाने तो मलाच वाचून दाखवला.

क्रम मेसेजवाल्याचा असेल, पण मी पाचव्यापासून सुरू करणार.

एवढं मान्य करतो की नाणं, बटण, गुळगुळीत मणी एकदा पोटात पोचला की बहुतेक वेळा आपोआप पडतो. माझ्या काकाने लहानपणी चार आणे गिळले तेव्हा आजीनेही केळीच चारली होती, आणि चार आणे परत मिळाले. मेसेज खपतो तो या अर्ध्या खरेपणावर. प्रत्येक घरात असा एक काका असतो.

सेलचं गणित वेगळं आहे. त्या चकतीवर बहुधा 'सीआर २०३२' लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकेल असा. अडकला की दोन्ही अंगांना ओलं मांस लागतं आणि सेलमधली वीज त्यातून वाहायला लागते. ऋण बाजू जिथे टेकते तिथे तीव्र क्षार तयार होतो, तुंबलेल्या नळ्या साफ करायच्या कॉस्टिक सोड्याच्या जातीचा. तो आतून भाजत जातो. त्यासाठी सेल फुटायला लागत नाही. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, आणि सेल काढल्यावरही ती चिघळत राहू शकते. गाडीचा लाइट लागेना म्हणून आपण ज्याला 'मेलेला' म्हणतो त्या सेलमध्येही एवढ्यापुरती वीज उरलेली असते. आणि मूल किंचाळेलच असं नाही. लाळ गळते, खोकला येतो, जेवण नको म्हणतं. घरच्यांना वाटतं सर्दी झाली.

आता त्यावर केळं. अडकलेल्या सेलला केळं खाली ढकलत नाही. उलट भूल देऊन दुर्बिणीने सेल काढायची पाळी आली तर भरलेलं पोट ही डॉक्टरांपुढची आणखी एक अडचण. आणि 'सकाळी'? दुपारी गिळलेल्या सेलला सकाळपर्यंत वेळ देणारा माणूस डॉक्टर असेल तर मी विमान चालवतो.

मी दुकानदार आहे, म्हणून इथे माझा सगळा भार दुसऱ्याच्या खांद्यावर. वॉशिंग्टनचं नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटर गिळलेल्या बॅटऱ्यांबद्दल वेगळं मार्गदर्शन करतं. त्यांच्या सूचना अशा: उलटी करवायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही, ताबडतोब इस्पितळात जाऊन एक्सरे काढायचा. अपवाद एका मधाचा. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल, सेल लिथियमचा असेल आणि गिळून बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी चहाचे दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलभोवती लेप धरतो आणि क्षाराची धार जरा बोथट करतो. हा इलाज नव्हे, इस्पितळ गाठेपर्यंतची सोय. घरात मध नसेल तर शोधत बसायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही.

एक्सरेत सेलच्या कडेला दुहेरी गोल दिसतो, नाण्याला तो नसतो. सेल पोटात उतरलेला दिसला तर पुढे थांबायचं की काढायचं, ते डॉक्टरांनी ठरवायचं. घरात बसून तो कुठे आहे हे कोणाला कळणार? मावशीला तर चष्म्याशिवाय मोबाइल दिसत नाही.

त्याच ओळीत चुंबक कोंबलाय, तेही ऐका. एक चुंबक कदाचित पडून जाईल. दोन गिळले, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी छर्रा गिळला, तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून धरतात, मधलं आतडं चिमटतं आणि त्याला भोक पडतं. पाण्यात फुगणाऱ्या रंगीत गोळ्या आतड्यातही फुगतातच, वाट अडवतात, आणि एक्सरेत बहुधा दिसत नाहीत. त्या मी तीन वर्षांपूर्वीच ठेवणं बंद केलं. धंद्याला तोटा झाला, झोपेला नाही.

वयाच्या आकड्याबद्दल रोज कोणीतरी काउंटरवर कोपर टेकून सांगतं, "भिया, आमचा दोनचा आहे पण डोकं पाच वर्षांचं आहे." असेल. गळा दोनचाच आहे. शून्य ते तीन लिहून त्यावर काट मारलेला रडका चेहरा खोक्यावर असतो, तो मुलाच्या अकलेबद्दल काही म्हणत नाही. आत तोंडात जाऊन अडकेल असा तुकडा आहे, एवढंच तो सांगतो. तुकडा मोजायला ३१.७ मिलिमीटर रुंद नळकांडं असतं. त्यात जी वस्तू न दाबता पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला नको. घरी कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची काळी डबी पडली असेल तर ती जवळपास तेवढीच असते. पझलच्या खोक्यावरचं '८+' हे मात्र बरंचसं डोक्याचं असतं, तिथे मेसेजवाला थोडा बरोबर आहे. तिथे हुशारी दाखवा.

आयएसआयबद्दल बोलताना माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. छापाचा माल महाग, त्यात मला चार पैसे जास्त सुटतात. पण वसुली म्हणजे काय ते समजून घ्या. केंद्र सरकारने २०२० साली खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश काढला, तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय छाप सक्तीचा झाला. त्यामागे कारखान्याची तपासणी आणि नमुन्याच्या चाचण्या असतात. टोकं, कडा, पेट घेणं, रंगातलं शिसं, आणि विजेच्या खेळण्यांत बॅटरीची जागा. चपट्या सेलचं झाकण नुसत्या नखाने उघडता कामा नये, स्क्रू किंवा तसाच बंदोबस्त हवा. छोटूच्या गाडीला झाकण होतं, स्क्रू नव्हता, आणि छापही नव्हता. 'सीई' हा युरोपच्या बाजारासाठीचा शिक्का. खेळण्यांवर तो बहुतेक वेळा कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर स्वतःच लावतो, आणि भारतात तो आयएसआयच्या जागी चालत नाही. आयएसआयही खोटा छापतात, हो, छापतात. म्हणून छापाखालचा 'सीएम/एल'ने सुरू होणारा नंबर बीआयएसच्या (हा छाप देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या) 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघायचा, मिनिटाचं काम. २०२१ च्या आधी मीही बिनछापाचा माल विकलाय. तेव्हा कोणी विचारत नव्हतं आणि मीही नाही.

लाकडाच्या मुद्द्यावर मेसेजवाल्याला आपल्या मातीचं प्रेम आलंय. मलाही आहे. आमच्या इंदूरच्या चामड्याच्या हत्ती-घोड्यांना भौगोलिक निर्देशांक (जीआय टॅग) मिळालेला आहे, बुधनीची लाखेची लाकडी खेळणी मी आवडीने ठेवतो, सावंतवाडीची भातुकली माझ्या बहिणीने तीस वर्षं जपलीये. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना आणि भौगोलिक निर्देशांकाच्या मालाला या आदेशातून सूट आहे. ती कारागिराचं पोट चालावं म्हणून दिलेली सूट. तपासणीत पास झाल्याचा दाखला म्हणून ती वाचू नका. मूल चाटतं तो रंग असतो, लाकूड खालीच राहतं. खेळण्याच्या रंगातून सुटणाऱ्या शिशाची मर्यादा किलोला ९० मिलिग्रॅम आहे, आणि भिंतीच्या रंगांत शिशाला लगाम लागला तोच २०१७ पासून. तेव्हा माळ्यावरचा आजोबांच्या वेळचा, पोपडे सुटलेला लाल घोडा नातवाच्या तोंडात देण्याआधी विचार करा. शोकेसमध्ये तो छान दिसतो.

त्रिकोणातला आकडा प्लास्टिकची जात सांगतो, रिसायकल करताना वेगळं काढता यावं म्हणून. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. चांगल्या जातीच्या प्लास्टिकचाही धारदार तुकडा पडतो. ३ म्हणजे पीव्हीसी, आणि मऊ पीव्हीसीत थॅलेट नावाची रसायनं असू शकतात, एवढं खरं. ७ म्हणजे 'इतर', त्यात कायही येतं, त्याला विष म्हणणं म्हणजे रेशनच्या यादीतल्या 'संकीर्ण'ला विष म्हणणं.

वॉकर: कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुलं त्यात बसून जिन्यावरून कोसळतात. त्याने मूल लवकर चालतं असं नाही. पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं असतं आणि ढकलतं, पण तोही जिन्यापासून लांब.

जंतुनाशक: साबण आणि पाणी पुरे. चाटायच्या वस्तूवर रोज औषध कशाला?

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. मावशीने अंगठा दाखवला. मावसभाऊ म्हणाला, "सेलवाली खेळणी आता घरात नकोतच." ठीक. मग मी त्याच्या घरात एक फेरी मारली. टीव्हीखाली ठेवलेला छोटा रिमोट, वजनकाटा, गाणारं वाढदिवसाचं कार्ड, देवघरातल्या दिवाळीच्या चार एलईडी पणत्या. सगळ्यांत चपटे सेल. दोन पणत्यांची झाकणं माझ्या अंगठ्याने निघाली. ही खेळणी नव्हेत, म्हणून खेळण्यांचा आदेश यांना लागत नाही.

राखीला महिना राहिलाय. लाइटवाल्या राख्यांचा एक खोका माझ्याकडेही येऊन पडलाय, कार्टूनच्या तोंडाच्या, लहान मुलांच्या मनगटाला बांधायच्या. काल रात्री दुकान बंद केल्यावर एक उलटी करून बघितली. मागचं झाकण नखाने निघालं, आत तीन बारीक सेल. घाऊकवाला परत घेणार नाही म्हणतोय. अजून भांडतोय त्याच्याशी.