‘रंग आणि इसेन्स घातलेली, वय लपवलेली दारू’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बर्बन, म्हणजे मक्यापासून बनणारी इथली व्हिस्की, दाखवायला लुईव्हिलहून निघून बार्ड्सटाउन आणि लॉरेटो अशी तुमच्या सहा जणांची सहल मीच नेली होती, त्यामुळे उत्तरही मीच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांना जिने चढवले, शाकाहारी दोघींना धड जेवण मिळालं नाही, मका म्हणजे कोंबड्यांचं खाद्य आणि त्याच्या दारूत रंग व व्हॅनिला इसेन्स घालून महाग विकतात, बाटलीवर वय लिहिलेलं नाही, आणि बर्बनच्या नावाने पैसे घेऊन बर्बन काउंटी (त्याच नावाचा जिल्हा) दाखवलीच नाही.

पहिल्या दोन गोष्टींत चूक माझी आहे. गोदामात लाकडी जिने आहेत हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं. तुमचे बाबा काही बोलले नाहीत, पण उतरताना ते कठडा धरून एकेक पायरी घेत होते ते मी पाहिलं, आणि तेव्हा उशीर झाला होता. जेवणाचंही तसंच. हॉटेलला आदल्या दिवशी फोन करायचा राहिला आणि दोघींना फ्राइज आणि सॅलडवर भागवावं लागलं. बाबांच्या तिकिटाचे आणि त्या दोन जेवणांचे पैसे तुमच्या कार्डावर परत केले आहेत. आता बुकिंग घेतानाच गुडघेदुखी आणि शाकाहार या दोन्ही गोष्टी विचारतो.

इसेन्सचं मात्र मला मान्य नाही. तुम्हाला शंका का आली ते मला कळतं. मी सांगली जिल्ह्यातला. साखर कारखान्याच्या मळीचा वास घेत वाढलो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्की त्या मळीच्या स्पिरिटपासून बनतात. ते स्पिरिट ९६ टक्के अल्कोहोलच्या आसपास गाळलं की मूळ मालाची चव जवळजवळ उरत नाही, मग चव आणि रंग बाहेरून द्यावे लागतात. ते पाहिलेला माणूस गोड वासाची तांबूस व्हिस्की हातात घेऊन पहिली शंका हीच घेणार.

बर्बनचा कायदा नेमका इथेच वेगळा आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. बहुतेक जण ७० टक्क्यांच्या आसपास घेतात, उरलेल्यात राय (गव्हासारखंच एक धान्य) किंवा गहू आणि मोड आणून वाळवलेले जव. गाळताना ८० टक्के अल्कोहोलच्या वर जायचं नाही, म्हणजे धान्याची चव शिल्लक राहते. पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांहून जास्त नको आणि बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नको. पिंप ओकचं, आतून जाळून कोळसा केलेलं आणि कोरं. त्यानंतर पाण्याशिवाय काही घालायचं नाही. मध किंवा चेरी घातलेल्या बाटल्या मिळतात, पण त्यांच्या लेबलावर तसं लिहावंच लागतं.

मग व्हॅनिला येतो कुठून? मी व्हॅनमध्ये जुन्या पिंपाची एक फळी ठेवतो. ती तुमच्या हातात दिली होती, पण तेव्हा तुम्ही फोनवर होतात. तिची आतली बाजू काळी, मगरीच्या पाठीसारखी तडकलेली. आडवी कापलेली कड पाहिली तर कोळशाच्या खाली लाकडात एक तांबूस रेघ दिसते. व्हिस्की लाकडात तिथपर्यंत शिरून परत आली, त्याची ती खूण. जाळताना लाकडातली साखर करपून कॅरॅमल होते आणि लाकडाचेच घटक फुटून व्हॅनिलिन तयार होतं. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून हा सगळा माल घेऊन बाहेर येते. भट्टीतून उतरते तेव्हा ती पाण्यासारखी पांढरी असते. रंगाचा थेंबन् थेंब या फळीतला आहे. तुमच्या बाबांनी तिच्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, “काकवी.” इतकी वर्षं लोकांना ही फळी देतोय, इतका नेमका शब्द मला कुणी दिला नव्हता.

भेसळीची भीती इथल्या लोकांनीही भोगली आहे. एकोणिसाव्या शतकात दलाल कच्च्या स्पिरिटमध्ये तंबाखूचं पाणी वगैरे घालून जुनी व्हिस्की म्हणून खपवत. त्यातून १८९७ साली ‘बॉटल्ड इन बाँड’चा कायदा आला: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची. हे शब्द आजही लेबलावर येतात. शंका असेल तर तीच बाटली घ्या.

आता वय. तुम्ही घेतलेल्या बाटलीवर ‘स्ट्रेट बर्बन’ लिहिलंय. स्ट्रेट म्हणजे किमान दोन वर्षं, आणि चार वर्षांहून कमी असेल तर वय छापणं सक्तीचं. म्हणजे वय छापलेलं नाही याचाच अर्थ ती किमान चार वर्षांची आहे. हे मी दुकानात उभं राहून सांगायला हवं होतं, राहून गेलं.

बारा वर्षांच्या स्कॉचशी आकडा लावून तुलना करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्कॉच स्कॉटलंडच्या थंड हवेत आणि बहुधा वापरलेल्या पिंपात मुरते. त्यातली पुष्कळ पिंपं इथूनच गेलेली असतात, कारण बर्बनला तेच पिंप दुसऱ्यांदा चालत नाही. गोव्यातल्या पॉल जॉन कंपनीची सिंगल माल्ट व्हिस्कीही बर्बनच्या रिकाम्या पिंपात मुरते. केंटकीत पिंप कोरं आणि उन्हाळा कडक. लाकूड आपला रस भराभर सोडतं, आणि गोदामाच्या वरच्या मजल्यावर फार वर्षं राहिलेली व्हिस्की नुसती कडवट, तुरट होऊन बसते. शिवाय ती उडून जाते. गोदामाबाहेरच्या झाडांचे काळे बुंधे पाहून तुम्ही “आग लागली होती का?” असं विचारलंत. ती बुरशी आहे, हवेत उडालेल्या अल्कोहोलवर वाढते. बारा वर्षांत पिंप अर्ध्याच्या आसपास येतं. माझ्या जिभेला सहा ते आठ वर्षांची बर्बन सर्वांत भरलेली लागते.

आंबवणाच्या टाकीपाशी वीस मिनिटं घालवली म्हणून तुम्ही वैतागलात. तिथे थांबल्याशिवाय ही दारू कळत नाही, असं मला मनापासून वाटतं. आधीच्या खेपेचं गाळून उरलेलं आंबट पाणी नव्या खेपेत घालतात, त्याला ‘सावर मॅश’ म्हणतात. मी पूर्वी हे विरजण म्हणून सांगत असे. आता सांगत नाही, कारण त्यातलं यीस्ट उकळून मेलेलं असतं. काम करतो तो आंबटपणा: नको ते जंतू दबतात, नव्या यीस्टला जम बसतो आणि दर खेपेची चव जुळते. पाणी इथल्या चुनखडीतून येतं, त्यात लोह नसतं. लोह असलं तर व्हिस्की काळी पडते.

चाखायला दिलेले घोट कमी वाटले असतील, तर त्यांवर इथे कायद्याची मर्यादा आहे, त्यात मी काही करू शकत नाही.

बर्बन काउंटी लेक्सिंग्टनच्याही पलीकडे, आपल्या वाटेपासून वेगळ्या दिशेला आहे. दारूला हे नाव नक्की कसं पडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि आज बहुतेक मोठ्या डिस्टिलऱ्या त्या काउंटीच्या बाहेर आहेत. कायद्याने बर्बन अमेरिकेत कुठेही बनू शकते. तिथे नेऊन तुम्हाला पाटीसमोर फोटो मिळाला असता, पण लॉरेटोला तुमच्या वहिनींनी तिथल्या मेकर्स मार्क या कंपनीच्या बर्बनची बाटली स्वतःच्या हाताने लाल मेणात बुडवली, ते राहिलं असतं. तिथे रायऐवजी गहू घालतात, म्हणून ती त्यांना मऊ लागली. याच कंपनीने २०१३ साली माल पुरेना म्हणून व्हिस्की ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं होतं. गिऱ्हाइकांनी इतकी पत्रं पाठवली की आठवड्याभरात निर्णय मागे घेतला. म्हणून तुमच्यासारख्यांनी लिहावं असंच मला वाटतं.

बाटली अजून उघडली नसेल तर पहिला घोट कोला किंवा बर्फ न घालता घ्या. मग चमचाभर साधं पाणी घालून पुन्हा वास घ्या आणि ग्लास बाबांच्या हातात द्या. त्यांना त्यात काकवी सापडते का, तेवढं कळवा.