तलाठीचा फॉर्म भरल्याने यूपीएससीचं दार बंद होत नाही

परभणीतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सरकारी नोकरी धरली की यूपीएससीला बसता येत नाही. नुसता अर्ज भरला तरी एक संधी जाते. कलेक्टर व्हायचंय ना, मग तलाठीचा फॉर्म भरू नका.’ यातले दोन्ही दावे साफ चुकीचे आहेत.

सरकारी कर्मचाऱ्याला परीक्षा देता येते. अर्ज केल्याचं कार्यालयप्रमुखांना लेखी कळवावं लागतं. संधी मोजली जाते ती पूर्व परीक्षेचा एक तरी पेपर दिल्यावर. खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत ६ संधी आहेत, ओबीसींना ३५ पर्यंत ९.

मेसेजमध्ये जालना जिल्ह्यातून आयएएस झालेल्या अन्सार शेख यांचा दाखला दिलाय. तो खराच आहे: २०१५ची परीक्षा, वय २१, पहिलाच प्रयत्न, ३६१वा क्रमांक. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना त्याचा अभिमानच आहे. पण २०२३च्या परीक्षेला दहा लाखांवर अर्ज आले आणि निवड झाली १,०१६ जणांची, हेही पोरांना सांगा ना!

परवा आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने हाच मेसेज वाचून अर्धा भरलेला फॉर्म तसाच सोडला. घरी चार एकर कोरडवाहू, खोलीचं भाडं दोन महिन्यांचं थकलेलं, आणि टेबलावर राज्यघटनेचं पुस्तक, पानोपानी पेन्सिलच्या खुणा. मी त्याला शेजारी बसवलं, फोटो-सही अपलोड करून घेतली. फॉर्म गेला. मग तो पुन्हा पुस्तकात डोकं घालून बसला.